शुनेमकरणीचे उत्तर

आधारपाठ : २ राजे, अध्याय ४, ओव्या ८ ते १७



शूनेम गावच्या त्या संपन्न बाईची गोष्ट आपणांस ठाऊकच आहे. अलीशा संदेष्टा त्या वाटेने जाई-येई, तेव्हा ती त्याला आग्रहाने जेवावयास थांबवी. पुढे नवऱ्याशी विचार करून तिने माडीवर त्याच्यासाठी एक लहानशी खोली बांधविली व तीत खाट, मेज, बैठक व दिवा ठेवला. ह्या उपकाराची फेड कशी करावी ह्या विचाराने संदेष्ट्याने गेहजीकडून तिला विचारविले की, तुझ्यासाठी राजाकडे किंवा सेनापतीकडे शब्द टाकावा काय? बाईचे उत्तर अगदी आखूड आहे, व पुष्कळ वाचक ते ओलांडून पुढे जातात, कारण पुढे मुलाची गोष्ट येते आणि आपले लक्ष तिकडे लागते. त्या उत्तराचा भाव असा की, मला राजाशी काम नाही, माझी माणसे माझ्याभोवती आहेत.

गेल्या पावसाळ्यापासून हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. त्याचे कारण सांगतो.

एका रविवारी उपासना आटोपल्यावर मंडळी मंदिराच्या ओट्यावर बसली होती. पुण्यास कारखान्यात नोकरी करणारा आमचा एक तरुण रजेवर आला होता. त्याने आपल्या मोबाइलवर असलेली एक बातमी सर्वांस वाचून दाखविली. देशोदेशींच्या सुखाचे मोजमाप २०२५ साली प्रसिद्ध झाले. १४७ देशांत फिनलंड पहिला, आणि आपला भारत ११८ वा. "पाळकसाहेब," तो म्हणाला, "नेपाळ ९२ वा, पाकिस्तान १०९ वा. म्हणजे आपण शेजाऱ्यांच्याही मागे. मग इथे राहून करायचे तरी काय?" तोच ओट्यावरील एक वृद्ध वडील ताडकन म्हणाले, "अरे, आम्ही सुखी आहोत की नाही हे आम्हांला ठाऊक. परक्याच्या तराजूत आमचे मन कशाला घालतोस?" ह्यावर सारे हसले. मीही हसलो व घरी गेलो. परंतु त्या तरुणाच्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिले नाही, ही गोष्ट मला टोचू लागली. आपली मुले गाव सोडून निघतात ती असाच एखादा प्रश्न खिशात घालून निघतात.

तेव्हा हे माप घेतात तरी कसे, ह्याचा मी शोध केला. भूतान देशाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघात २ एप्रिल २०१२ रोजी ह्या विषयावर एक बैठक भरली. तिच्या निमित्ताने पहिला अहवाल निघाला, व तेव्हापासून तो बहुतेक दरवर्षी निघत आला आहे. उत्तरे गोळा करण्याचे काम गॅलप नावाची अमेरिकन संस्था करते. ती बहुतेक देशांत दरवर्षी सुमारे हजार प्रौढ माणसांस गाठते, आणि तीन वर्षांची उत्तरे एकत्र करून सरासरी काढली जाते. प्रश्न हॅडली कँट्रिल नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा आहे. त्याने तो १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला. एक शिडी डोळ्यांपुढे आणा, तळाशी शून्य व माथ्यावर दहा. माथा म्हणजे तुम्हांला लाभू शकेल असे उत्तमात उत्तम जीवन, तळ म्हणजे वाइटात वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? इतकेच. ह्यात सुख हा शब्दही नाही. २०२५ च्या अहवालात फिनलंडची सरासरी ७.७३६, भारताची ४.३८९, आणि सर्वांच्या तळाशी अफगाणिस्तान, १.३६४.

शिडी म्हटली की आपल्या मनात प्रथम याकोब येतो. भावाच्या भयाने पळालेला, दगड उशाशी घेऊन निजलेला तो तरुण त्या रात्री कोणत्या पायरीवर होता? त्याच्या स्वप्नातील शिडीवर देवदूत चढत होते व उतरत होते. तो स्वतः तर तळाशी जमिनीवर पडला होता, आणि तेथेच परमेश्वर त्याच्याशी बोलला. गॅलपच्या माणसाने त्या संध्याकाळी त्याला विचारले असते, तर शून्य लिहून घेऊन तो पुढच्या गावी गेला असता. असो. त्या शिडीचा विषय मोठा आहे. आज आपल्याला दुसरीकडे जावयाचे आहे.

आमच्या वृद्ध वडिलांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दशमान मापे येण्यापूर्वी एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेत चालत नसे, असे जुनी माणसे सांगतात. येथेही तसेच आहे. शिडीचा माथा ज्याचा त्याने आपल्या कल्पनेने रचावयाचा. जिने तालुक्यापलीकडे पाऊल टाकले नाही त्या आजीचा माथा निराळा, आणि रोज रात्री मोबाइलवर परदेशातील घरे पाहणाऱ्या तिच्या नातवाचा निराळा. जपानसारख्या देशांत स्वतःविषयी टोकाचे बोलू नये अशी रीत आहे. तेथील माणसे मधल्या पायऱ्या सांगतात. शब्दांचेही पाहा. शेत पिकले की सुख, लेक माहेरी आली की आनंद, कर्ज फिटले की समाधान. आणि डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शोक करणाऱ्यांस धन्य म्हटले आहे. त्यांस सुखी म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? हे सारे एका आकड्यात कसे मावावे? शिवाय हजार माणसांच्या तोंडून निघालेले उत्तर दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत नेणे ही मला थोडी हौसच वाटते. अहवाल काढणारे स्वतः प्रत्येक आकड्याच्या दोन्ही अंगांस चुकीची मर्यादा छापतात; तेव्हा ११८ वा देश व ११५ वा देश ह्यांची झुंज लावण्यात काही अर्थ नाही.

परंतु एवढ्यावरून शिडी मोडून चुलीत घालावी असे मी म्हणणार नाही, आणि येथे माझे आमच्या वडिलांशी जमत नाही. सात आणि एक ह्यांतील अंतर बोलण्याच्या रितीने पडत नाही. ज्या देशाने चाळीस वर्षांहून अधिक काळ युद्ध पाहिले, जेथे २०२१ नंतर मुलींस सहावी इयत्तेपुढची शाळा बंद झाली, तेथील माणूस जर म्हणत असेल की मी पहिल्या पायरीवर आहे, तर तो खरे बोलत आहे. आपल्या देशातील मनुष्य चार म्हणतो तेव्हा त्यातही दवाखान्याचे अंतर, विहिरीचे पाणी आणि कांद्याचा भाव हे सारे आहे. भुकेल्यास व उघड्यास केवळ शब्दांनी ऊब देऊन वाटेला लावणाऱ्याविषयी याकोबाच्या पत्रात काय लिहिले आहे ते आपण जाणतो. आम्ही गरीब पण सुखी, असे भाषण करणाऱ्याने प्रथम आपले पोट कोणी भरले आहे ते पाहावे.

आता फिनलंडचे पाहू. आपल्या तरुणांस वाटते की ती माणसे जन्मतःच सोन्याचा चमचा घेऊन येत असतील. तसे मुळीच नाही. १८६६ ते १८६८ ह्या वर्षांत तेथे असा दुष्काळ पडला की सुमारे बारांतील एक माणूस मेला. लोक पाइन झाडाची साल वाळवून, दळून, पिठात मिसळून भाकर करीत. आपल्याकडील १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, ज्याच्या आठवणी आपल्या पुष्कळ कुटुंबांत पणजोबांच्या नावाने अजून सांगतात, त्याच्या दहाच वर्षे आधीची ही गोष्ट. देश थंड, अर्धे वर्ष अंधार, जमीन खडकाळ, आणि शेजारी बलाढ्य. मग ही माणसे वर चढली कशी?

एक पायरी फार जुनी आहे, व ती आपल्या उपदेशकांस आवडेल. फिनलंड स्वीडनच्या राज्यात असताना, १६८६ साली, ख्रिस्तमंडळीसंबंधी जो कायदा झाला त्याप्रमाणे प्रत्येकाने वाचावयास शिकावे असे ठरले. ज्याला वाचता येत नसे त्याला प्रभुभोजनास बसण्यास, आणि म्हणून लग्न करण्यासही अडचण पडे. पाळक गावोगाव जाऊन मोलकरणीची व गड्याची वाचनाची परीक्षा घेई. लग्नाच्या आशेने किती तरुण रात्री जागून अक्षरे गिरवीत असतील! आपल्या साक्षरता वर्गासाठी मला अजून इतकी चांगली युक्ती सुचलेली नाही.

दुसरी पायरी एका पुठ्ठ्याच्या पेटीची आहे. १९३० च्या दशकात तेथे हजारात सुमारे ६५ बालके पहिल्या वर्षाच्या आत मरत. १९३८ पासून सरकार गरीब मातांस एक पेटी देऊ लागले. तीत बाळाचे कपडे, पांघरूण, लंगोटांचे कापड. १९४९ पासून ती सर्वच मातांस मिळू लागली, मात्र चौथा महिना संपण्यापूर्वी आईने दवाखान्यात तपासून घेतले पाहिजे अशी अट घातली. पेटी रिकामी झाली की तिच्या तळाशी लहानशी गादी अंथरून बाळाला तीतच निजवीत. मंत्र्याचे मूल आणि गुराख्याचे मूल एकाच प्रकारच्या पेटीत. पाळण्यातच ज्या देशाने हा भेद काढून टाकला, त्या देशाच्या सरासरीत माझ्या मते ह्या पेटीचा वाटा आहे. मग हिशेब करणारे तो कसाही मांडोत.

आणि तिसरी गोष्ट सांगताना आवाज खाली येतो. ह्याच देशात १९९० च्या सुमारास वर्षाला लाखामागे ३० माणसे आपल्या हाताने आपला जीव देत होती; इतके मोठे प्रमाण जगात थोड्याच देशांत होते. त्यांनी ते लपविले नाही. १९८७ च्या एप्रिलपासून पुढील एका वर्षातील अशा प्रत्येक मृत्यूची, सुमारे १,४०० मृत्यूंची, त्यांनी घरच्यांशी व वैद्यांशी बोलून एकेक करून चौकशी केली, आणि जे कळले त्यावरून गावोगावच्या परिचारिका, शिक्षक, पाळक ह्यांस शिकविले. आज ते प्रमाण निम्म्याहूनही खाली आले आहे. बंधूंनो, दावीद राजानेही मोजदाद केली होती. तरवार चालविणारे पुरुष किती, एवढेच त्याने मोजले; आणि यवाबासारख्या कठोर सेनापतीलाही ते खटकले. राज्यात विधवा किती, हे मोजावयास दावीदाने माणसे पाठविली असती तर त्या मोजणीचा परमेश्वराला राग आला असता, असे मला वाटत नाही.

कोणाला मोजावयाचे व कोणाला सोडावयाचे, ह्यातच मोजणाऱ्याचे मन दिसते. भूतानच्या राजाने राष्ट्राच्या संपत्तीपेक्षा राष्ट्राचे सुख मोठे असे म्हटले, त्याचे जगभर कौतुक झाले, व ते कौतुक मीही करतो. २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेतही ते तत्त्व आहे. परंतु त्याच देशातून १९९० च्या सुमारास व त्यानंतर नेपाळी बोलणारे एक लाखाच्या आसपास लोक परागंदा होऊन पूर्व नेपाळातील छावण्यांत पडले, आणि २००७ नंतर त्यांपैकी बहुतेकांस अमेरिका वगैरे दूरदेशी नेऊन वसविण्यात आले. सुखाच्या पाहणीसाठी दार ठोठावणारा मनुष्य त्यांच्या रिकाम्या घरी गेला नसणार.

आता आपल्या देशातील एक गोष्ट. एड डीनर हे सुखाच्या मोजमापाचे मोठे अभ्यासक होते. ते व त्यांचे चिरंजीव रॉबर्ट बिस्वास-डीनर ह्यांनी कोलकात्यातील ८३ जणांशी केलेल्या संभाषणाचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केला. ते लोक झोपडपट्टीत राहणारे, पदपथावर निजणारे, व देहविक्रय करून पोट भरणाऱ्या स्त्रिया असे होते. एकंदर जीवनाविषयी विचारले तेव्हा त्यांचे समाधान मध्यरेषेच्या किंचित खाली आले. परंतु आपले कुटुंब, आपले स्नेही, आपली नीती ह्यांविषयी वेगवेगळे विचारले तेव्हा ते रेषेच्या वर आले. पुढे २००६ साली त्यांनी अमेरिकेतील बेघर लोकांशी तुलना प्रसिद्ध केली. तेथील बेघरांस अन्न, निवारा व औषध ह्यांची सोय कोलकात्याच्या पदपथापेक्षा बरी होती. तरी समाधान कोलकात्यात अधिक निघाले. अभ्यासकांस ह्याचे मोठे कारण असे दिसले की कोलकात्याच्या त्या माणसाभोवती माणसे होती, आणि अमेरिकेतला तो बेघर बहुधा एकटा होता. पदपथ बरा, असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. ज्याला छप्पर नाही त्यालाही राजापेक्षा आधी माणूस लागतो, एवढाच अर्थ मी घेतो. आणि येथे मला शुनेमकरीण पुन्हा भेटली.

कारण त्या पाहणीत शिडीखेरीज आणखी एक प्रश्न असतो, व बातमी देणारे तो सहसा सांगत नाहीत. तुम्ही संकटात सापडलात तर हवे तेव्हा धावून येईल असा कोणी नातलग अथवा मित्र तुम्हांला आहे काय? होय किंवा नाही, एवढेच उत्तर. देशादेशांतील सुखाचे अंतर ज्या सहा गोष्टींनी उलगडण्याचा प्रयत्न करतात, त्यांत पैसा आहे, आरोग्य आहे, स्वातंत्र्य, दानशीलता व लाचलुचपतीचा अभाव हे आहेत, आणि हा प्रश्नही आहे.

मला हा प्रश्न फार आवडला, आणि त्या भरात मी तो पुढच्या रविवारी भरसभेत विचारला. ज्यांना असे माणूस आहे त्यांनी हात वर करावा. सर्वांचे हात वर गेले. बायकांच्या बाजूस, मागच्या ओळीत, एक हात खालीच राहिला. ती ऊसतोडीला जाणारी एक विधवा बहीण आहे. असा प्रश्न उघड सभेत विचारणे हीच माझी पहिली चूक. दुसरी मला सोमवारी कळली. मी तिच्या घरी गेलो, क्षमा मागितली, व बसलो. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "पाळकसाहेब, पोळ्याच्या आधी रात्री पोराला पान लागलं. मी तुम्हांला दोनदा फोन लावला." मला आठवले. रात्री अनोळखी नंबर वाजला होता, आणि मी कूस बदलून निजलो होतो. वर्गणीच्या वहीत तिचे नाव मी स्वतःच्या हाताने तीन वर्षे लिहीत आलो आहे. माझ्या फोनमध्ये ते नव्हते.

मुलगा वाचला. शेजारच्या कुंभारीणमावशीने आपल्या लेकाला उठवून मोटारसायकलवर मधे मुलाला व मागे आईला बसवून तालुक्याच्या दवाखान्यात पाठविले, आणि स्वतः रात्रभर तिच्या शेळ्या राखल्या. "मग तू हात का वर केला नाहीस?" मी विचारले. ती म्हणाली, "तुम्ही मंडळीतल्यांचं विचारता असं मला वाटलं."

हे मी वडिलांच्या सभेत सांगितले. एकाने म्हटले, दिवस वाईट आहेत, कोण कोणासाठी उठतो? ह्यावर मी त्यांस एक प्रयोग सांगितला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. चाळीस देशांतील ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटे, ही रस्त्यात सापडली असे सांगून, बँका, टपालकचेऱ्या, उपाहारगृहे नव्हेत पण उतारगृहे, अशा ठिकाणच्या नोकरांच्या हाती दिली. काही रिकामी, काहींत पैसे. रिकाम्या पाकिटांच्या मालकास शंभरांतून ४० जणांनी कळविले. पैसे असलेल्यांच्या बाबतीत ५१ जणांनी. लोकांचा तर्क नेमका उलट होता. आणि २०२५ च्या त्या सुखाच्या अहवालातच असे आहे की, आपले हरवलेले पाकीट परत मिळेल असा भरवसा ज्यांना आहे ते अधिक सुखी असतात, परंतु पाकिटे प्रत्यक्षात ह्या भरवशापेक्षा पुष्कळच अधिक परत येतात. शेजारी आपल्याला वाटतो तितका वाईट नाही. आमच्या मंडळीत तर शेजारी आम्हांपेक्षा बरा निघाला.

शुनेमकरणीची गोष्ट चौथ्या अध्यायात संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. आठव्या अध्यायात ती पुन्हा येते. सात वर्षांचा दुष्काळ पडणार म्हणून ती पलिष्ट्यांच्या देशात गेली, आणि परतली तेव्हा तिचे घर व शेत दुसऱ्यांच्या हाती गेले होते. ज्या माणसांच्या भरवशावर तिने राजाला नको म्हटले होते, ती माणसे तेव्हा कोठे होती? शास्त्र त्याविषयी काही बोलत नाही. तिला राजाकडे दाद मागावीच लागली, आणि राजाने शेतच नव्हे तर मधल्या काळातील पीकही परत देवविले. तेव्हा पुण्याहून आलेल्या त्या तरुणास मी पत्र लिहिले आहे ते असे : तुझा राग खरा आहे. सरकारापाशी रस्ता, शाळा, दवाखाना मागावयाचाच, आणि मत देताना तो ११८ चा आकडा विसरावयाचा नाही. पण येथे राहून काय करावयाचे असे तू विचारलेस. तर तू जेथे राहतोस त्या खोलीच्या शेजारी कोण राहतो, त्याचे नाव मला कळव.

त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

येत्या बुधवारची प्रार्थनासभा त्या विधवा बहिणीच्या अंगणात आहे, आणि नंतर प्रीतिभोजन. प्रत्येक कुटुंबाने आपला फोन नंबर एका कागदावर लिहून आणावा. शब्बाथ शाळेची मुले सर्वांसाठी त्याच्या नकला करणार आहेत. कुंभारीणमावशीलाही बोलावणे गेले आहे. ती म्हणाली, येईन, पण भाकरी माझ्या घरून आणीन.